एक आंघोळ जास्त

मुलांनो, तुम्ही पाठवलेल्या फोटोत आपला धाकटा गोलकीपर चिखलाने भरलेला चेंडू छातीशी धरून उभा आहे. तो पाहिला आणि लिहायला बसले, कारण हे सांगणारी आता मी एकटीच उरले आहे.

माझे वडील त्यांच्या लहानशा कॉलेजच्या फुटबॉल संघाचे गोलकीपर होते. चेंडू कातड्याचा, म्हणजे विटाळ. माझी आजी त्यांना मागच्या दारी आंघोळ घातल्याशिवाय घरात घेत नसे. त्या हंगामात संघ तोवरचा प्रत्येक सामना हरला होता. शेवटच्या सामन्याला निघताना आजी म्हणाली, "हरायचं ते हरायचं, वर विटाळून यायचं! आज हरलास तर खेळ बंद."

संध्याकाळी ते परतले, तेव्हा मागच्या दारी घंगाळात कढत पाणी तयार होते.

"काय झालं रे?"

"बरोबरी. एकही गोल होऊ दिला नाही, आई."

आजीने त्यांचे सुजलेले तळवे आंघोळीआधीच हातात घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत. नियम तिने मोडला नाही. नंतर स्वतःही आंघोळ केली.

पुढच्या वर्षीही वडील खेळले. ते घंगाळ माझ्या न्हाणीघरात आहे. मी अजून त्यातच पाणी घेते.