कुसुममामींनी निवडलेली लेन्स

येडशीहून मामांचा फोन आला तेव्हा मी भिंतीवरच्या कोळ्याचा फोटो बघत होते. त्याच्या दोन मोठ्या डोळ्यांत अख्खं अंगण उतरलेलं! आदल्या संध्याकाळी कुसुममामींनी पाठवला होता. ‘भारीच!’ असं लिहायला घेतलं, तेवढ्यात फोन वाजला. "तुझी मामी गेली गं... झोपेतच."

काही आठवडे झाले. पण मामी आठवल्या की रडू यायच्या आधी अंगात उत्साहच संचारतो, काय करणार! शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या आणि कॅमेरा घेऊन किड्यामुंग्यांच्या मागं लागल्या. मग हात थरथरायला लागले. थरथर वाढत जाणार, असं डॉक्टर म्हणाले. मामींनी त्याच आठवड्यात मॅक्रो लेन्स घ्यायचं ठरवलं. मुंगीच्या जबड्यावरचे केससुद्धा दिसायला हवे होते त्यांना, आणि तेही आत्ताच!

आता जुन्या मॉडेलची घ्यायची की तिचीच सुधारलेली नवी? जुनी धातूची, वजनदार. "जड वस्तू हातात ठरती," असं मामी म्हणायच्या; स्टुडिओत हाताळून हाताळून त्यांचा जीव तिच्यावरच जडलेला. नवी हलकी, हाताची थरथर सावरून घेणारी. शेवटी सोलापूरच्या ओळखीच्या स्टुडिओवाल्यानं दोन्ही दिवसभरासाठी दिल्या आणि आम्ही सकाळीच येडशीजवळचं रामलिंगचं रान गाठलं.

तिथं एका काटकीवर वाळल्या फेसासारखी गाठ होती. मामी थबकल्या. "अगं, प्रार्थना कीटकाची अंडी... फुटायलीत!" बारीक बारीक पिल्लं धाग्याला लोंबकळत बाहेर येत होती. कॅमेऱ्यावर जुनी लेन्स होती. ती घुर्र घुर्र करत पुढं-मागं फिरे. फोकस सापडेपर्यंत पिल्लू हललेलं असे. मामींनी हातानं लेन्सवरचं कडं फिरवून पाहिलं, तर बोटं ऐकेनात. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.

"मामी, नवी लावू?"

"लाव, लाव! लवकर!"

मी लेन्स बदलली. मामींनी कोपरं मातीत रोवली. नवी लेन्स आवाज न करता नेमकी पिल्लावर ठरली. पडद्यावर सुईच्या टोकाएवढा डोळा लख्ख दिसला आणि आम्ही दोघी पोरींसारख्या ओरडलो!

परतताना जुनी लेन्स पिशवीत ठेवत मामी म्हणाल्या, "हिचा लळा लागला व्हता गं. पण किडा काय आपल्या लळ्यासाठी थांबतो व्हय?"

नवीच घेतली. पुढं दोन वर्षं मामींनी काय काय टिपलं... काजव्याचं पोट, फुलपाखराची गुंडाळलेली सोंड, आणि शेवटी तो कोळी.

गेल्या रविवारी येडशीला गेले. दार उघडं, घरात कुणी नाही. परसात बघते तर कढीपत्त्याखाली मामा पालथे पडलेले, चष्मा कपाळावर, डोळा कॅमेऱ्याला! किड्याकडं आयुष्यात कधी ढुंकून न बघितलेला माणूस. मी हाक मारणार, तोच त्यांनी हातानं गप्प केलं.

"हळू ये," ते कुजबुजले. "कोळीण पिल्लं पाठीवर घेऊन निघालीय... लई भारी दिसायलीय!"

मी चपला काढल्या आणि त्यांच्या शेजारी मातीत पालथी पडले.