चार मिलिमीटर बाहेर

ज्या घराच्या हॉलमध्ये वर्तमानपत्रं पसरून सायकल उघडून ठेवलेली असते, तिथे किस्से आठवावे लागत नाहीत. ते केर काढताना सापडतात! परदेशात, बुकित पंजांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये त्या वर्षी चार महिने मी असा केर काढला. किती वेळा वैतागले ते देवालाच ठाऊक. त्याच्यासमोरच बसून वैतागत होते ना!

सुरुवात डॉक्टरीणबाईंपासून झाली. ह्यांची शुगर वाढली होती. दिवसभर बँकेत खुर्ची, संध्याकाळी घरी सोफा. बाई म्हणाल्या, "चार महिने देते. रोज व्यायाम करा. नाही उतरली तर औषधं सुरू करू." माझ्या सासऱ्यांचा पाय शुगरपायी कापावा लागला होता. ते मी या डोळ्यांनी पाहिलंय. मी घरी आले आणि सोमवार धरले.

हे घरी आले ते सायकल घेऊन. ऑफिसातला कोणी देश सोडून चालला होता, तो देऊन गेला.

"पेडल जरा हलतंय," हे म्हणाले. "अर्ध्या तासाचं काम! रविवारी शिरीषला आणि मकरंदला बोलावतो."

दोघंही ह्यांचे मित्र. शिरीषभाऊजी ऑडिटर, राहायला क्वीन्सटाउनला. मकरंद युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक, विषय धातू. मला वाटलं, घरात धातूंचा डॉक्टरच येतोय, आता कसली काळजी!

*

दोन पेडलांच्या मधला आडवा दांडा फ्रेमच्या एका नळीत बसतो. नळीच्या दोन्ही तोंडांना आट्यांचे कप असतात. त्यातला उजवा कप काही केल्या फिरेना. तिघांनी आळीपाळीने जोर लावला. मग पान्ह्याला माझ्या मॉपचा दांडा जोडला. दांडा वाकला. मग तेल, मग गरम पाणी, मग पुन्हा तेल. दीड तास! पुरणाचा स्वयंपाक झाला असता एवढ्यात.

आमची ईशा तेव्हा बारा वर्षांची. कॉम्प्युटरसमोर बसली होती. मान न वळवता, इथल्या पोरांसारखं शेवटी 'लाह' जोडून म्हणाली, "पप्पा, राइट साइड उलटी फिरते लाह! इट सेज हिअर."

म्हणजे दीड तास तिघं मिळून तो घट्ट करत होते!

मकरंद घाम पुसत म्हणाला, "वहिनी, जोर अगदी बरोबर होता. फक्त दिशा चुकली."

*

कप निघाला आणि आतले छर्रे घरभर उडाले. एका बाजूला अकरा असायला हवे होते, मिळाले दहा. सोफा सरकवला, फ्रिज सरकवला. भाऊजींनी तर तांदळाचा डबा चाळला.

दोन दिवसांनी केर काढताना मला देव्हाऱ्याच्या पाटाशी एक बारीकसा गोळा दिसला. चष्मा नव्हता. मला वाटलं, आमच्या रांगत्या बाळकृष्णाच्या हातातलं लोणी निखळलं! माझ्या आईने दिलेला बाळकृष्ण तो. डोळ्यांत पाणीच आलं. गोळा धुतला, थोडं मेण लावून हातावर बसवला आणि रोज मनोभावे गंध लावलं.

पुढच्या रविवारी मकरंद नमस्काराला वाकला आणि तसाच राहिला. मला वाटलं, पोराची भक्ती वाढली.

"वहिनी," तो म्हणाला, "देवाच्या हातात आपला पाव इंची छर्रा आहे!"

तोवर ह्यांनी नवा, छर्रे आतच सीलबंद असलेला दांडा आणूनही ठेवला होता.

*

नवा दांडा जरा लांब निघाला. त्यामुळे पुढचं दातेरी चाक चार मिलिमीटर बाहेर आलं. पुढचं चाक बाहेर, मागची दातेरी चाकं आत, आणि मधली चेन तिरकी. तिरकी चेन दोन वळणं टिकते, तिसऱ्याला पडते. याला 'चेनलाइन' म्हणतात. हा शब्द मी त्या चार महिन्यांत देवाच्या नावाखालोखाल ऐकला.

आता चार मिलिमीटर मोजायचे म्हणजे आधी फ्रेमचा मध्य हवा. त्यावरून रविवारची सकाळ गेली. आतून भाऊजींनी विचारलं, "वहिनी, घरात लांब दोरा आहे का हो? न ताणणारा?"

मी शेजारच्या सरितावहिनींना हळदीकुंकू द्यायला निघाले होते. "बघा कपाटात," म्हटलं आणि गेले.

ती वटपौर्णिमा होती. परत येऊन बघते तर पूजेच्या ताटातलं सूत गायब! मागच्या चाकाच्या एका बाजूने निघून, हँडलखालच्या नळीला वळसा घालून, ते दुसऱ्या बाजूला आणून बांधलेलं. आणि हे फूटपट्टी घेऊन खाली वाकलेले.

"अहो! सात जन्म हाच नवरा मिळावा म्हणून ते सूत होतं!"

हे मान वर न करता म्हणाले, "अगं, हलू नकोस. दोन्ही बाजू सारख्या येतायत. फ्रेम सरळ आहे!"

वड नाही तर नाही, मी त्या सायकलीलाच नमस्कार केला आणि उपास सोडला.

*

शिरीषभाऊजींनी मापांचा तक्ता केला. रंगीत. कुठला दांडा घेतला तर चाक किती बाहेर, सगळं त्यात.

मकरंद म्हणाला, "मध्यापासून दातेरी चाक त्रेचाळीस पूर्णांक पाच मिलिमीटरवर पाहिजे."

"चव्वेचाळीस धरू," भाऊजी म्हणाले. "राउंड ऑफ."

"शिरीषदादा, तुम्ही सह्या केलेल्या कंपन्यांची आता मला काळजी वाटायला लागली!"

भाऊजी पोहे अर्धे ठेवून उठले. त्यांनी पोहे टाकल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं.

*

त्यानंतर सुरू झाल्या अंकलच्या वाऱ्या. अंकल म्हणजे दुसऱ्या वस्तीतले सायकलवाले. बनियन, कानामागे पेन्सिल, समोर कॉफी. घरापासून चालत पाऊण तास. चालतच जावं लागे, कारण सायकल चालवली की चेन पडे आणि एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, सायकल घेत नसत. ऑफिसातून आले की चहा घ्यायचा, सायकल लिफ्टमधून उतरवायची आणि ढकलत निघायचं.

अंकल बघायचे आणि म्हणायचे, "टू लाँग लाह." दुसरा दांडा घालून आणला, तर दातेरी चाक फ्रेमला घासायला लागलं. "टू शॉर्ट लाह." मधला मागवावा लागणार होता. "टुमारो, मेबी." तो टुमारो रोज उद्यावर जायचा आणि हे रोज जाऊन विचारायचे. सायकल घेऊनच! न जाणो, आजच आला असला तर?

मी म्हटलं, "अहो, फोन करून विचारा की!"

"फोनवर तो ऐकत नाही. समोर सायकल दिसली की त्याला लाज वाटते."

इकडे दिवस संपत चाललेले. ह्यांनी सायकल एकदाही धड चालवलेली नाही. माझ्या डोळ्यांसमोर सासऱ्यांची काठी. एक दिवस न राहवून बोलले, "ती चेन सरळ होईपर्यंत तुमचं काय होईल, याचा काही विचार?"

ईशा मध्येच म्हणाली, "आई, रिलॅक्स लाह. पप्पा हॅज अ प्रोजेक्ट."

*

चार महिने भरले. तपासणीचा दिवस सोमवारीच आला. मी दवाखान्यात मनातल्या मनात जप करत बसले होते. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला, पुन्हा पाहिला आणि चष्मा काढला.

"वा! एवढी उतरली? वजनही पाच किलोने कमी! काय व्यायाम केलात?"

हे ताठ बसले. "सायकलिंग," म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. उपासाच्या दिवशी मी खोटं बोलत नाही, म्हणून मी पर्समध्ये चष्मा शोधायला लागले.

"उत्तम!" बाई म्हणाल्या. "जे करताय ते अजिबात बदलू नका. असंच चालू ठेवा."

घरी आले, देवापुढे साखर ठेवली. हे आंघोळीला गेले होते, तेवढ्यात फोन वाजला. सायकलवाले अंकल. स्वतःहून!

"मॅडम, युअर हजबंड्स पार्ट कम ऑलरेडी. परफेक्ट साइज. चेन व्हेरी स्ट्रेट. टेल हिम, ओके?"

मी बाथरूमच्या दाराकडे पाहिलं. आतून गाणं गुणगुणल्याचा आवाज येत होता. मी फोन हाताने झाकला, देवाला नमस्कार केला आणि मोडक्या इंग्रजीत हळूच म्हटलं, "अंकल, फोनवर त्यांना काही सांगू नका. ते आले की 'टुमारो' म्हणा. रोज म्हणा."