मुकं पातेलं

दुकानदारानं मेलेला मका दिलाय, असं केराबाईनं ठरवूनच टाकलं. मागच्या दारी तीन विटांची चूल, चुलीवर तेलाचं बोट फिरवलेलं जाडजूड पातेलं, झाकणावर दगड, आणि आतून फट नाही की फूट नाही! नवी पेठेतल्या त्या दुकानदाराचा सात पिढ्यांसकट उद्धार करत तिनं आणखी एक लाकूड आत सारलं.

लाह्या करताना केराबाई पातेल्याकडं कधी बघत नसे. पाठ करून बसायची आणि कान द्यायची. पहिली लाही फुटली की जाळ कमी करायचा, दोन लाह्यांमध्ये एक श्वास बसायला लागला की पातेलं खाली. चाळीस वर्षांत दाणा करपला नाही, हा बाईचा तोरा. लहानपणी सांगोल्याकडं बापाची मेंढरं राखताना नुसत्या घुंगरावरून कोकरू ओळखायची म्हणे. लग्न होऊन सोलापुरात आली आणि बावीस वर्षं चादरीच्या कारखान्यात मागांसाठी सुताच्या कांड्या भरल्या. मागांच्या त्या खडखडाटातसुद्धा समोरची बाई काय बोलतीय ते हिला बरोबर कळायचं. असला कान साऱ्या गल्लीत कुणाला नव्हता.

पण आजच्या लाह्या निरोपाच्या होत्या. उद्या सकाळी ती मोहोळला भावाकडं निघाली होती, आणि तीही कायमची. कारण काय, तर सून. महानंदा तशी कामाला वाघ, शाळेचे गणवेश शिवून घराला हातभार लावणारी. पण सासूशी चकार शब्द नाही. चहा टाकू का विचारा, हिची मान खाली आणि मशीन चालू. भाजी कुठली निवडू विचारा, ओट्याकडं तोंड आणि सासूकडं पाठ. आधी अशी नव्हती, पण गेलं दीड वर्ष हेच! मुलगा शहाजी म्हणायचा, बोलती की ती, आये. म्हणजे तोही बायकोच्याच ताटाखालचं मांजर. काल तर केराबाईनं मानपान गुंडाळून ठेवला आणि मशीनमागं उभं राहून विचारलं, जाऊ का मी? महानंदानं मान वर केली नाही. झालं, आत जाऊन पिशवी भरली.

निदान नातीला, ऋतुजाला, हातच्या लाह्या खाऊ घालून जावं म्हटलं, तर नशिबात हा मका.

करपट वास आला. तेल जळत असेल म्हणून ती चडफडत उठणार, तेवढ्यात ऋतुजा धावत आली आणि आजीच्या पुढ्यात उभी राहिली. "आजी, उतरव की. कवाच्या फुटायल्यात, पार रस्त्यापतुर आवाज यायलाय."

केराबाई वळली. झाकण थडथड उडत होतं, दगड कधीच घसरून राखेत पडला होता. तिच्या डोळ्यांदेखत एक लाही उसळून तिच्या पदरावर येऊन पडली. आवाज नव्हता. ना लाहीचा, ना झाकणाचा.

अगं बाई! रस्त्यावरचा ट्रक ऐकू येत होता, देवळातला ढोल ऐकू येत होता, मग कान गेला असं कुणाच्या मनात येईल? आणि मागांच्या खडखडाटात तरी तिला काय ऐकू येत होतं, डोंबल! ती बायकांचे ओठ बघायची. सगळ्याच जणी बघायच्या. समोर उभं राहून बोललेलं तिला आजही कळत होतं. ऋतुजाचं आत्ता कळलं तसं.

दीड वर्षात ज्या बाईचे ओठ दिसले नव्हते, ती बाहेरच्या खोलीत मशीनवर वाकलेली होती. पातेलं तसंच जळत ठेवून केराबाई तिकडं गेली आणि मशीनच्या चाकावर हात ठेवून तिनं ते थांबवलं. महानंदानं दचकून वर बघितलं. रडून डोळे सुजले होते.

"काल म्या इचारलं, जाऊ का म्हनून. तू काय बोललीस?"

महानंदाचे ओठ हलले. "जाऊ नका म्हनले की, आत्या. तीनदा म्हनले. तुमी तशाच आत निघून गेलासा."

केराबाईनं तिची हनुवटी धरली आणि तोंड दाराच्या उजेडाकडं फिरवलं.

"आनिक एकदा बोल," ती म्हणाली.