वळणावरचं लिंबूपाणी

सगळ्यात आधी आल्या शेजारच्या हंसाबेन, श्रीखंडाचा डबा घेऊन. आमचे हे गेले, म्हणून वर्षभर घरात गोड करत नाही. शेजारीच आणून तोंड गोड करतात.

कारण आनंदाचंच होतं. नात मीनल आज शर्यतीत उतरली होती. आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं. सगळं पुरं केलं हो पोरीने! पण घरी येऊन रडत बसली.

दरवेळी हे शर्यतीच्या वाटेत, गोरव्याच्या वळणावर लिंबूपाणी घेऊन उभे असायचे. आज ती सवयीने तिथे थांबली, हातही पुढे केला. कोणी नव्हतं.

"आजी, आता नाही उतरणार मी," म्हणाली.

तेवढ्यात तिच्या शर्यतीतल्या मैत्रिणी आल्या. त्यातली एक गुजराती पोर मलाच म्हणते, "बा, आता वळणावर तुम्ही उभ्या राहा ना!"

म्हटलं, "गुडघे दुखतात गं."

"मग खुर्ची आणू!"

मीनल डोळे पुसत म्हणाली, "आजी साखरच फार घालते. आजोबा मीठ बरोबर घालायचे."

तुम्हाला कोणाला ठाऊक आहे का, एका तांब्याला मीठ किती? ह्यांना मी कधी विचारलंच नाही.

मुली रविवारी सकाळी सरावाला मीनलला न्यायला येणार आहेत.