सगळे रायबोसोम सारखे नसतात

वीस वर्षं मी जबलपूरच्या एका हिंदी शाळेत जीवशास्त्र शिकवतो आहे. रायबोसोमचा धडा आला की ठरलेलं सांगायचो: पेशीतली प्रथिनं बनवणारी ही यंत्रं, सगळी एकसारखी; जनुकांकडून निरोप येईल तसं मुकाट्याने प्रथिन बनवतात. हे इतक्या ठसक्यात सांगायचो की शंका विचारायची कोणाची छाती होत नसे.

मग आमची मुलगी झाली. दोन महिन्यांची होते न होते तोच ती पांढुरकी पडली आणि विजय नगरच्या दवाखान्यात तिला रक्त चढवावं लागलं. बाहेर पडताना मी बायकोला म्हणालो, "गरोदरपणात आयर्नच्या गोळ्या नीट घेतल्या नसशील." कारण सापडल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि हे हाताशी होतं. ती काही बोलली नाही. मी ती कबुली समजलो. पुढची दोन वर्षं, दर महिन्याला मुलीला रक्त चढताना बघत, तसंच समजत राहिलो.

यंदा नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघांची जनुकं तपासायला लावली. रिपोर्ट आल्यावर त्यांनी मला फोनवर समजावलं. मुलीच्या शरीरात रायबोसोमचं एक प्रथिन कमी पडतं, म्हणून रायबोसोमच पुरेसे तयार होत नाहीत. बाकीच्या पेशी कसंबसं भागवतात. तांबडं रक्त घडवणाऱ्या पेशींचं मात्र भागत नाही, कारण त्यांच्या गरजेचे काही निरोप या टंचाईत मागे पडतात. आणि सगळे रायबोसोम एकसारखे असतात, असंही आता कोणी छातीठोकपणे सांगत नाही म्हणे. मी नुसता "अच्छा, अच्छा" करत होतो. शेवटी त्या म्हणाल्या, हा दोष वडिलांकडून आलाय. माझ्यात तो जन्मापासून होता, फक्त मला त्याने छळलं नव्हतं.

घरात इंग्रजी रिपोर्ट मीच वाचतो. दोष आपोआप झाला, एवढं म्हटलं असतं तरी कोणाला कळलं नसतं. चेरीतालच्या आमच्या गल्लीत तीन चकरा मारल्या त्या हाच विचार करत. स्वतःची लाज वाटली, तरी चौथी मारलीच.

घरी बायको मुलीला वरणभात भरवत होती. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं: दोष माझ्याकडून आलाय, गोळ्यांचा काही संबंध नव्हता, मी चुकलो.

तिने घास पुरा भरवला, मुलीचं तोंड पुसलं आणि आत गेली. परतली ती बिस्किटांचा जुना डबा घेऊन. आत गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप्स होत्या, महिन्यामहिन्याच्या वेगळ्या, रबर लावलेल्या.

"एकही नाही चुकवली जी मी," ती म्हणाली. "तुम्ही कधी विचारता, वाट पाहून राहिली होती."

दोन वर्षांत मी विचारलं नव्हतं. मला तिच्याकडे बघवेना. तिने डब्याचं झाकण लावलं.

"आता फेकू ना?"