इतिहासाचे सर अध्यक्ष झाले

दूरच्या कुठल्याशा देशात इतिहासाचा प्राध्यापक राष्ट्राध्यक्ष झाला, ही बातमी मी जासई गावातल्या बैठकीत मोठ्याने वाचली आणि वर ठणकावलं, "तिथे अख्खा देश देतात, आपण निदान समिती तरी देऊ." पत्रकं लिहून लिहून मला असंच बोलता यायचं. बंदराला जमिनी गेलेल्यांची आमची समिती. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले सर तिचे अध्यक्ष झाले.

प्रश्न सात घरांचा होता. खारजमीन पिढ्यानपिढ्या कसली, पण सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणून गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणारा भूखंडही नाही. संतापजनकच होतं ते. मी पत्रकात लिहिलं, 'शंभर पिढ्यांचा घाम'. सरांनी 'शंभर' खोडलं.

"पिढ्या मोजल्यास?"

"सर, पत्रक आहे ते."

"म्हणूनच."

मग महिनाभर ते म्हाताऱ्यांच्या ओट्यांवर बसले. खाडीचं पाणी अडवणारा बांध फुटला, की कसणाऱ्या प्रत्येक घरातला एक माणूस चिखल टाकायला जायचा. न कसणाऱ्याला कोणी बोलवायचं नाही. कोण कोणाशेजारी उभं होतं, ते सर वहीत लिहायचे आणि दुसऱ्या म्हाताऱ्याकडून ताडून घ्यायचे. मला वाटायचं, लढ्याचा वेळ फुकट चाललाय.

बेलापूरच्या सरकारी कार्यालयात सुनावणी झाली. साहेब आधी जांभया देत होते. वही वाचली जाऊ लागली तसे सरळ बसले. सहा घरांचे पुरावे वाचून झाले. सातवं सरांच्या सख्ख्या थोरल्या भावाचं.

"हा त्या वर्षांत मुंबईला गिरणीत होता," सर म्हणाले. "बांधावर आल्याचं कोणीच सांगत नाही. कसत असेलही. मला माहीत नाही."

मी मागून त्यांचा सदरा ओढला. त्यांनी वळूनही बघितलं नाही. साहेबांचं पेन थांबलं. एरवी आम्हाला मान वर करूनही न बघणारा तो माणूस सरांकडे बघत राहिला. मग त्याने उलटतपासणी न करता सहाही नावं लिहून घेतली.

बाहेर भावाने गाठलं. "अध्यक्ष झालास ना रं? मंग घरच्याचा काय केलास?"

"दादा, येक खोटा निघाला असता त सगलीच गेली असती."

"तुला कोनी इचारला व्हता?"

"कोनी नाय."

परतताना टेम्पोत दादा पुढे बसले, सर मागे आमच्यात दाटीवाटीने. गाव येईपर्यंत ते दादांच्या पाठीकडे बघत होते. मी सरांकडे. माझा गुडघा त्यांना लागत होता, तो मी आत ओढून घेतला.