कीपर बदला, असं मीच लिहिलं होतं

परवा सकाळी वडगावात पर्शरामअण्णांच्या शेडवर गेलो होतो. बॅगेत सत्काराचं निमंत्रण, आणि तोंडावर कमिटीनं सोबत दिलेलं हसू...

पर्शरामअण्णा म्हणजे आमच्या शहापूरच्या फुटबॉल टीमचे गोलकीपर. आठवडाभर यंत्रमागावर साड्या विणायच्या आणि सुट्टीच्या दिवशी गोलपोस्टमध्ये उभं राहायचं. चौदा वर्षं एक नंबरची जर्सी दुसऱ्या कुणाच्या अंगाला लागली नाही. गेल्या महिन्यात कमिटीनं त्यांना काढलं.

कमिटीनं म्हणजे... आम्ही काढायला लावलं. टीमच्या चाहत्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. कुणाला खेळवायचं, कुणाला बसवायचं, कमिटीचं डोकं कुठं फिरलंय, यावर आम्ही तिथं इतक्या तावातावानं भांडतो की घरातलं लग्नसुद्धा एवढ्या गांभीर्यानं ठरत नाही. स्वतः बॉलला पाय लावून वीस वर्षं झालेला मी त्यात सगळ्यांत पुढे.

दोन वर्षांपूर्वी कमिटीनं आमचे दोन जुने डिफेंडर बसवले आणि बाहेरून दोन तगडे गडी आणले. ‘अखेर कमिटीला अक्कल आली’, असं मीच लिहिलं होतं. पण झालं उलटंच, आमच्यावर गोल जास्त व्हायला लागले. डिफेंडर तर भारी, मग चूक कुणाची? उरला तो कीपर.

गेल्या महिन्यातल्या सेमीफायनलला तर कहरच झाला. बॉल उंच आला, आमचा डिफेंडर ‘मी घेतो, मी घेतो’ म्हणून ओरडला. आम्हाला बाहेर बसून ऐकू आलं... आणि अण्णा तरी पुढे धावले. दोघं धडकून आडवे, आणि बॉल आरामात जाळ्यात.

घरी पोचायच्या आधीच मी ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला. ‘हाका मारल्या तरी बघत नाहीत. अण्णांना माज आलाय. कीपर बदला.’ धडाधड अंगठे पडले. मला फार बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू...

पुढच्या टूर्नामेंटच्या यादीत अण्णांचं नाव नव्हतं. वाईट दिसायला नको म्हणून शाल-श्रीफळ देऊन सत्कार ठरला, आणि आमंत्रण द्यायला मीच सापडलो.

शेडमध्ये वीसेक माग एकदम धडधडत होते. अण्णांच्या पाठीमागे उभा राहून मी दोन-तीन हाका मारल्या, त्यांनी वळून बघितलं नाही. रुसलेत अजून, मी मनात म्हटलं. तेवढ्यात समोरच्या मागावरच्या मारुतीनं हात वर करून दोन बोटं फिरवली, आणि अण्णा लगेच माझ्याकडे वळले. मारुती म्हणजे आम्ही बसवलेल्या त्या दोन डिफेंडरांपैकी एक.

बाहेर अंगणात आलो. बॅगेत निमंत्रण शोधता शोधता मी पाठ केलेलं भाषण सगळं म्हणून टाकलं. मान वर केली तर अण्णा तसेच वाट बघत उभे.

“काय म्हणालास रं? हिकडं बघून बोल की.”

मागून मारुती आला. “त्येला ऐकू येत न्हाय,” तो म्हणाला. “मागाच्या आवाजानं कान गेलं, लई वर्सं झाली. शेडमधी आमी हातानंच बोलतोय. तसंच मैदानावर पाठीमागं हात धरून सांगत हुतो. मूठ म्हंजी थांब, पंजा म्हंजी ये.”

मारुतीचा तो पाठीमागचा हात मी वर्षानुवर्षं बघितला होता. ‘कंबर धरून खेळणारा डिफेंडर’ असा मीमसुद्धा केला होता... ज्या दिवशी मारुतीला बसवलं, त्याच दिवशी अण्णांचा कान काढून घेतला गेला होता. आणि आम्ही त्याला स्ट्रॅटेजी म्हणत होतो.

“अण्णा, सांगायचं तरी...” मी म्हटलं. ते माझ्या ओठांकडे बघत होते.

“सांगितलं असतं तर तवाच बसवलं असतंसा न्हवं? दोन वर्सं जास्त खेळलो की.” आणि हसले.

मला त्यांच्या नजरेला नजर देता येईना. खाली मान घालून मी काहीतरी पुटपुटलो. चुकलो, माफ करा, असलंच काहीतरी. मान वर केली तर अण्णा खिशातून मोबाईल काढत होते.

“ग्रुपवर हाय मी. तुझं समदं वाचलंय,” ते म्हणाले. “लिवतोस मातर चांगलं.”

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी पुढे केलेलं निमंत्रण त्यांनी वाचलं आणि नीट घडी करून मला परत दिलं. “सत्काराला येत न्हाय, मॅच बघायला येतो,” म्हणाले आणि आत गेले.

यादी आता बदलत नाही, कमिटीला विचारून आलो. मारुतीला परत घेतील, पुढच्या वर्षी अण्णांचाही विचार करू म्हणतात. पण अण्णा अडतीस वर्षांचे आहेत. पुढचं वर्ष म्हणजे काय, ते त्यांनाही कळतं आणि मलाही.

हे लिहू का म्हणून काल अण्णांना मेसेज केला होता. उत्तर आलं, ‘लिव. कमिटीला शिव्या नगं.’

नाही घालत. कमिटीच्या कानाशी ओरडणारा मीच होतो. त्या दिवशी अंगणात माफी मागितली, पण खाली मान घालून... ती अण्णांपर्यंत पोचलीच नाही. म्हणून इथे, सगळ्यांसमोर लिहितोय.

अण्णा, तुम्हाला माज नव्हता. चूक माझी होती. वाचताय ना?